जंतू घशात, मग हृदय का थांबतं?

मॅडम, तुमचा प्रश्न आधी चार ओळींत मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही तासगाव तालुक्यात हायस्कूलला विज्ञान शिकवता. घटसर्पाचा विषय निघाला तेव्हा नववीतल्या एका मुलीनं विचारलं, "जंतू घशातच बसून राहतात, तर पेशंट हृदय बंद पडून का दगावतो?" तुम्ही म्हणालात, जंतूच्या विषामुळं. तिचा पुढचा प्रश्न तयारच होता: "पण विष करतं काय? आणि तेच विष लशीत घालतात म्हणता, तर बाळाला काही कसं होत नाही?" उत्तर शोधायला बसलात तेव्हा प्रथिनांमधल्या रासायनिक बदलांवर पानंच्या पानं सापडली आणि सगळं डोक्यावरून गेलं.

मुलगी तरबेज आहे. मिरजेत सूक्ष्मजीवशास्त्राच्या लॅबमध्ये माझी २८ वर्षं गेली. एमडीच्या तोंडी परीक्षेत याहून सोपे प्रश्न विचारलेले मी ऐकलेत.

सरळ उत्तर असं. घटसर्पाचा जंतू हृदयाच्या वाटेला जातच नाही. तो घशात बसून एक प्रथिन सोडतो. ते रक्तातून फिरतं, हृदयाच्या पेशीत शिरतं आणि तिथल्या एका प्रथिनावर, त्यातही एकाच ठराविक जागी, एक बारीकसा रासायनिक तुकडा डकवतं. एवढंच. त्या डकवण्यानं पेशीचं नवीन प्रथिनं बनवायचं काम ठप्प होतं आणि पेशी मरते.

एवढ्याशा तुकड्यानं एवढं कसं होतं, हे समजायला रसायनशास्त्रापेक्षा तंबोरा बरा. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत कुठल्याही दुकानात उभं राहून बघा. भोपळा तोच, दांडी तीच, तारा त्याच. कारागीर घोडीवर तारेखाली सुताचा एक दोरा सरकवतो. दोरा बरोबर जागी आला की आवाज एकदम उघडतो, जवारी लागते. केसभर पुढं-मागं झाला की तीच तार बद्द वाजते. दोऱ्याचं वजन काढलं तर काहीच नाही, सगळी करामत जागेची.

प्रथिनाचं तसंच आहे. शेकडो अमिनो आम्लांची माळ स्वतःभोवती वळून एक आकार घेते आणि त्या आकारावर तिचं काम चालतं. माळेतल्या मोक्याच्या मण्यावर कुणी फॉस्फेट लावला, साखर लावली किंवा ॲसिटाइल गट लावला, की प्रथिन जागं होतं, झोपतं, नाहीतर भलत्याच कुणाला जाऊन चिकटतं. आपल्या पेशी हे लावणं-काढणं दिवसभर करत असतात, त्यावरच त्यांचा कारभार चालतो. जंतूंनी एवढंच केलं, की आपल्या दोऱ्याच्या जागा हेरल्या आणि तिथं स्वतःचा दोरा घुसवला.

आता घटसर्प जरा जवळून बघू, कारण यात जेवढी मजा आहे तेवढी दुसऱ्या कशात नाही. पेशीत रायबोसोम प्रथिनं विणत असतो. प्रत्येक टाका घातल्यावर धागा एक घर पुढं सरकवायला एक मदतनीस लागतो, त्याचं नाव ईएफ-२. माणसातलं हे प्रथिन ८५८ अमिनो आम्लांचं आहे. त्यातलं ७१५ वं अमिनो आम्ल हिस्टिडिन. आपली पेशी स्वतःच या एका हिस्टिडिनला बरीच खटपट करून एक वेगळं रूप देते, त्याला डिप्थामाइड म्हणतात. नाव कुठून आलं ते ओळखा: घटसर्पाचं इंग्रजी नाव डिप्थेरिया! म्हणजे आपल्या प्रथिनातल्या एका मण्याला त्याच्या मारेकऱ्याचं नाव पडलंय. घटसर्पाचं टॉक्सिन, म्हणजे जंतूनं सोडलेलं ते विष, नेमका हाच मणी धरतं आणि पेशीतल्याच एनएडी नावाच्या रेणूतून एडीपी-रायबोज हा तुकडा तोडून त्यावर चिकटवतं. मदतनीस तिथंच अडकतो आणि विणकाम थांबतं.

टॉक्सिन हे एन्झाइम आहे, म्हणजे रासायनिक काम घडवून आणणारं प्रथिन, म्हणून एक काम झालं की संपत नाही. एकाला बाद केलं की ते पुढच्याकडं वळतं. टॉक्सिनचा काम करणारा भाग पेशीच्या आत पोचला तर एक रेणूसुद्धा ती पेशी मारायला पुरतो, हे १९७८ मध्ये प्रयोगानं दाखवलं गेलं. तुमच्या विद्यार्थिनीला हे जरूर सांगा. "थोडं विष होतं, थोडाच त्रास होईल" हा हिशेब इथं चालत नाही.

आणखी एक गंमत सांगा तिला. हे टॉक्सिन बनवायची कृती मुळात त्या जंतूची नव्हेच. जंतूला लागण करणारा एक विषाणू असतो, फाज म्हणतात त्याला. टॉक्सिनचा जनुक तो घेऊन येतो, हे १९५१ सालापासून माहीत आहे. फाज नसलेला घटसर्पाचा जंतू घशात असला तरी त्याच्यापाशी हे हत्यार नसतं. म्हणून लॅबमध्ये नुसता जंतू सापडून भागत नाही, तो टॉक्सिन सोडतो का हेही पाहावं लागतं.

काही वर्षांपूर्वी संध्याकाळी सातच्या सुमाराला माझ्याकडं एक घशाचा स्वॉब आला. मुलगा सात-आठ वर्षांचा, आई-बाप ऊसतोडीला आलेले, दर सहा महिन्यांनी गाव बदलणारे, म्हणून लशीचं कार्ड अर्धवट. आधी चार दिवस दुसरीकडं टॉन्सिल म्हणून औषध चालू होतं. मान दोन्ही बाजूंनी सुजलेली, घशात करडा पापुद्रा, खरवडला की रक्त येतंय असं स्वॉब घेणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी फॉर्मवर लिहिलं होतं. तेवढं वाचूनच माझ्या पोटात गोळा आला. स्लाइडला अल्बर्ट स्टेन केला. हिरव्या काड्या, त्यांच्या टोकाला निळसर काळे ठिपके, आणि काड्या एकमेकींना तिरक्या टेकलेल्या, कुणीतरी काडेपेटी सांडल्यासारख्या. पुस्तकात तिला चिनी लिपीची उपमा देतात, मला कायम सांडलेली काडेपेटीच दिसते.

मी वॉर्डला फोन केला आणि सांगितलं, कल्चरची वाट बघू नका, अँटिटॉक्सिन द्या. कल्चर म्हणजे जंतू खाद्यावर वाढवून बघणं: लोफ्लर सीरमवर वाढ दिसायला सहा-आठ तास, टेल्युराइटवर काळ्या वसाहती यायला एक-दोन दिवस, आणि टॉक्सिनची तपासणी त्याच्यापुढं. तेवढ्यात रक्तातलं टॉक्सिन पेशींत शिरून बसतं. अँटिटॉक्सिन फक्त बाहेर फिरणाऱ्या टॉक्सिनला पकडतं, आत शिरलेल्याला नाही. एकदा आत जाऊन तुकडा डकवला की आपल्या हातात काही उरत नाही. पेनिसिलिननं जंतू मरतात, म्हणजे कारखाना बंद होतो, पण आधी बाहेर पडलेला माल परत येत नाही.

चौथ्या दिवशी पोराचा घसा साफ झाला. बाप म्हणाला, आता सोडा, मुकादम फोन करतोय. डॉक्टरांनी सोडलं नाही. दहाव्या दिवशी ईसीजी बिघडला. मुलगा वाचला, पण पुढं कितीतरी दिवस पाणी प्यायला की नाकातून बाहेर येई. टाळूच्या मज्जातंतूंवरही त्याच विषाची करणी. "घसा बरा झाल्यावर हृदय का बिघडलं?" हा त्या बापाचा प्रश्न आणि तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न एकच आहे. घशातला जंतू मेला होता, हृदयातला डकवलेला तुकडा तिथंच होता.

मध्येच एक खुलासा, नाहीतर तुमच्या वर्गात गोंधळ होईल. निम्म्या मुलांच्या घरी म्हशी असणार आणि गोठ्यातही 'घटसर्प' असतो. तो रोग निराळा, जंतू पाश्चुरेला. पावसाळ्यापूर्वी जनावरांना घटसर्प-फऱ्याची लस टोचतात ती त्याची. नाव एक म्हणून म्हशीचा रोग पोराला लागला असं कुणी समजू नये.

हेच एडीपी-रायबोज डकवायचं तंत्र पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा, जंतूही वापरतो, फक्त जागा वेगळी निवडतो. आतड्याच्या पेशीत एक बटण असतं, जी-प्रथिन नावाचं. ते चालू होतं आणि आपलं आपण बंद होतं. कॉलरा टॉक्सिन त्यातल्या आर्जिनिन या अमिनो आम्लावर तुकडा लावतं आणि बंद होण्याची सोयच जाते. मग पेशीच्या आत निरोपावर निरोप सुटतात, क्लोराइडची वाट उघडी राहते, क्लोराइडमागं सोडियम आणि त्यांच्यामागं पाणी. तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं. आतडं फाटलेलं नसतं, कुजलेलं नसतं, नुसती तोटी उघडी राहिलेली असते. हे विष जंतूपासून वेगळं काढून दाखवलं कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी, १९५९ मध्ये. जंतू गाळून काढलेल्या द्रवानंही सशाच्या आतड्यात पाणी साचतं, असं त्यांनी दाखवलं. साधनं तुटपुंजी, प्रयोग लखलखीत. माझ्या मते आपल्या देशात या विषयात झालेलं ते सगळ्यात देखणं काम, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यांना मिळायला हवी तेवढी जागा मिळत नाही.

तोटी बिघडली तरी साखरेबरोबर मीठ आत ओढणारी वाट शाबूत राहते. जलसंजीवनीत साखर असते ती याचसाठी, चवीसाठी नव्हे. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत दिलीप महालनाबीस यांनी हेच पाणी पिंपांतून वाटलं आणि माणसं वाचवली.

आषाढीला माउलींची पालखी नीरा ओलांडून आपल्या सातारा जिल्ह्यात लोणंदला येते, तेव्हा आरोग्य खात्याची माणसं विहिरी आणि टँकर तपासत फिरतात. पाण्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकायचं, मग क्लोरीन तपासायच्या ओटी टेस्टला पिवळा रंग येतो का बघायचं. पूर्वी वारीबरोबर पटकी गावोगाव जायची, त्याची ही आठवण. पण तुमच्या विषयाच्या दृष्टीनं टीसीएल काय करतं तेही बघा. त्याचं पाण्यात हायपोक्लोरस आम्ल होतं आणि ते जंतूच्या प्रथिनांतल्या गंधक असलेल्या अमिनो आम्लांना गाठतं. घडी घातलेली प्रथिनं उलगडतात, एकमेकांना चिकटून त्यांच्या गुठळ्या होतात, उकडलेल्या अंड्यासारख्या. हेच आम्ल आपल्या पांढऱ्या पेशी स्वतः बनवतात, गिळलेल्या जंतूवर ओतायला. ते बनवणारं एन्झाइम हिरवं असतं, पुवाला हिरवट झाक येते ती बरेचदा त्याच्यामुळं. म्हणजे ग्रामपंचायतीचा शिपाई विहिरीत टाकतो ते औषध आणि आपल्या रक्तातल्या पेशींचं हत्यार रासायनिकदृष्ट्या एकच. वर्गात हे सांगितलंत तर मागच्या बाकावरची मुलंही मान वर करतील.

डांग्या खोकल्याचं टॉक्सिनही हाच तुकडा लावतं, पण उलट काम करणाऱ्या बटणावर. त्यामुळं पांढऱ्या पेशींतल्या लिम्फोसाइटना रक्तातून परत गाठींत शिरायचा रस्ता सापडत नाही, त्या रक्तातच फिरत राहतात. लहान बाळाचा काउंट ४०-५० हजारांवर जातो. असा रिपोर्ट हातात पडल्यावर रक्ताचा कॅन्सर म्हणून रडत आलेले आजोबा मी पाहिलेत.

आता प्लेग, कारण तो आपल्या जिल्ह्यांच्या आठवणीत आहे. १८९७ च्या मार्चमध्ये पुण्यात प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. त्यांचं जन्मगाव नायगाव, सातारा जिल्ह्यातलं. त्या जंतूची तऱ्हा घटसर्पासारखी नाही. विष रक्तात सोडायच्या ऐवजी तो पांढऱ्या पेशीला चिकटतो आणि सुईसारख्या नळीतून आपली प्रथिनं थेट तिच्यात टोचतो. त्यातलं एक, योप-एच, पेशीनं लावलेले फॉस्फेट भराभर खुडून टाकतं. जंतूला गिळण्यासाठी पेशीनं हात पुढं करायचा हुकूम त्या फॉस्फेटवरच असतो. तो पुसला गेला की पेशी जंतूला टेकून नुसती बसून राहते.

दुसरं प्रथिन योप-जे. त्याची युक्ती समजायला आपला एसटी स्टँड आठवा. गाडी फलाटाला लागायच्या आधी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, अगदी तेच. संकटाचा निरोप पुढं न्यायला पेशीतल्या एका साखळीत सेरिन-थ्रिओनिन या ठराविक अमिनो आम्लांवर फॉस्फेट बसावा लागतो. योप-जे त्या जागांवर आधीच ॲसिटाइल गट टाकून ठेवतं. फॉस्फेट येतो, बघतो, जागा धरलेली. निरोप पुढं जात नाही, सूज येत नाही, ताप उशिरा येतो, तोवर जंतू गाठीत घर करून बसतो. ही रुमालाची युक्ती कळली २००६ मध्ये, सावित्रीबाई गेल्या त्याला तेव्हा शंभरावर नऊ वर्षं झाली होती.

याच्याही पुढची चलाखी हेलिकोबॅक्टर पायलोरीची, ज्याच्यामुळं जठराचा अल्सर होतो. तो आपलं कॅग-ए नावाचं प्रथिन जठराच्या पेशीत टोचतो आणि त्यावर फॉस्फेट लावायचं काम आपल्याच पेशीच्या एन्झाइमकडून करून घेतो. शिक्का आपल्या कचेरीचा, कागद त्याचा. त्या शिक्क्याच्या जोरावर ते प्रथिन पेशीच्या वाढीच्या व्यवहारात ढवळाढवळ करतं, आणि असे जंतू वर्षानुवर्षं पोटात राहिले तर जठराच्या कॅन्सरची शक्यता वाढते. क्षयाच्या जंतूवर लिहायला बसलो तर दुसरं उत्तर होईल. एवढंच सांगतो, की त्याच्याकडं फॉस्फेट लावणारी एका जातीची ११ एन्झाइमं आहेत, आणि त्यातल्या एकामुळं तो पांढऱ्या पेशीच्या पोटात जाऊनही पचत नाही.

इथपर्यंत वाचून वाटेल, सगळे डाव जंतूंचेच. तसं नाही. पेनिसिलिन काय करतं? तेही डकवतंच. जंतूला भिंत बांधायला एक एन्झाइम लागतं, पेनिसिलिन त्याच्या सेरिनवर जाऊन कायमचं चिकटतं, भिंत अर्धवट राहते आणि जंतू फुटतो. मग स्टॅफिलोकॉकस या पू करणाऱ्या जंतूंपैकी काहींनी अशी भिंत बांधणारं दुसरं प्रथिन मिळवलं, ज्यावर पेनिसिलिन सहजी चिकटतच नाही. तेच एमआरएसए, पेनिसिलिनच्या जातीच्या औषधांना न जुमानणारे. रोज सकाळी मी प्लेटवर सेफॉक्सिटिन या पेनिसिलिनच्या भाऊबंद औषधाच्या चकतीभोवतीचा मोकळा घेर पट्टीनं मोजतो. २२ मिलिमीटर किंवा जास्त भरला तर सुटलो, २१ किंवा कमी भरला तर रिपोर्टवर लाल शाई. प्रथिनावर औषध चिकटलं की नाही, याचं ते मोजमाप आहे. पट्टी मात्र शाळेतल्या कंपासमधली.

आता मुलीचा दुसरा प्रश्न, लशीचा. इथं मला साताऱ्याला जावं लागेल, कंदी पेढ्यासाठी. खवा बराच वेळ भाजला की त्याला तो खमंग तपकिरी रंग येतो. रंग घातलेला नसतो. दुधातली साखर दुधातल्या प्रथिनाच्या लायसिन या अमिनो आम्लाला चिकटते, त्यातून पुढं तो रंग आणि वास तयार होतो. लायसिनच्या शेंडीला एक अमिनो गट लोंबत असतो, त्याला कुणीही येऊन चिकटावं असा तो मोकळा. मधुमेहात रक्तातली साखर हिमोग्लोबिनच्या अशाच एका मोकळ्या अमिनो गटावर चिकटते आणि लाल पेशी जगते तोवर, म्हणजे सुमारे १२० दिवस, तिथंच राहते. एचबीएवनसी म्हणून जी तपासणी गावोगाव करतात, ती या चिकटलेल्या साखरेची मोजणी. आकडा वाढला तर जंतूंना बरं पडतं, पण हिमोग्लोबिनमुळं नव्हे. साखर सतत चढी राहिली की पांढऱ्या पेशी सुस्तावतात, पायाची संवेदना जाते, उसाच्या धसकटानं झालेली जखम दोन दिवस कळतच नाही.

याच अमिनो गटाचा उपयोग लस बनवणाऱ्यांनी करून घेतला. फ्रान्समध्ये गास्तों रामों या पशुवैद्यानं १९२३ च्या सुमाराला घटसर्पाच्या टॉक्सिनमध्ये थोडं फॉर्मेलिन घालून ते महिनाभर उबेत ठेवलं. फॉर्मेलिनमधल्या फॉर्मल्डिहाइडचा रेणू एवढासा, पण त्याला दोन्हीकडं धरायची सवय. तो लायसिनला चिकटतो आणि मग शेजारच्या दुसऱ्या अमिनो आम्लाला. प्रथिनाच्या आत जागोजागी असे टाके पडतात. टाके पडलेल्या टॉक्सिनला पेशीत शिरता येत नाही, तुकडा डकवायचं कामही जमत नाही. पण बाहेरचा चेहरामोहरा बराचसा तोच राहतो. बाळाच्या शरीराला चेहरा ओळखता येतो आणि ते त्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करून ठेवतं. याचं नाव टॉक्सॉइड. तेव्हा 'तेच विष' असं वर्गात म्हणू नका. हातपाय बांधलेला दरोडेखोर गावात फिरवून सगळ्यांना दाखवला, असं म्हणा.

"पण फॉर्मेलिन विषारी!" हे तुम्हाला पालकसभेत ऐकायला मिळेल. बनवल्यावर लस शुद्ध करतात, उरतं ते अगदी किंचित. आपलं शरीर रोजच्या कामकाजात स्वतः फॉर्मल्डिहाइड बनवतं आणि मोडतं. दोन महिन्यांच्या बाळाच्या अंगात एका डोसातल्यापेक्षा कितीतरी पट जास्त आधीच असतं. हे सांगूनही एखादा काका ऐकणार नाही, त्याला सोडून द्या, त्याच्या सुनेशी बोला.

धनुर्वाताची लसही अशीच फॉर्मेलिननं बांधलेली. तिथलं टॉक्सिन तुकडा डकवत नाही, मज्जातंतूतलं एक प्रथिन कापतं, पण ते इतकं जालीम की रोग होण्याइतकी मात्रा शरीराला ओळख पटायलाही पुरत नाही. म्हणून धनुर्वातातून वाचलेल्या माणसालाही लस द्यावी लागते. घटसर्पाचंही तेच, बरं झालेल्या मुलाचा लसीकरणाचा कोर्स पुरा करायचा. नातेवाइकांना हे पटवणं फार अवघड जातं. "रोग होऊन गेला की आता कशाला?" असं म्हणतात, आणि गोवराच्या बाबतीत ते बरोबरही असतं.

बाळांना पाच रोगांवर एकत्र देतात त्या पेंटा लशीत याच्यापुढची एक पायरी आहे. हिब नावाच्या जंतूभोवती साखरेचं वेष्टन असतं. दोन वर्षांच्या आतल्या बाळाचं शरीर नुसत्या साखरेला किंमत देत नाही. मग ती साखर धनुर्वाताच्या टॉक्सॉइडसारख्या प्रथिनाला रासायनिक बंधानं जोडली, आणि प्रथिनाबरोबर साखरही बाळाच्या लक्षात राहू लागली. न्यूमोकॉकस या न्यूमोनियाच्या जंतूवरच्या लशींतही हीच जोडणी असते. त्यातल्या काहींत वाहक म्हणून घटसर्पाच्या टॉक्सिनचाच एक बिनविषारी भाऊ वापरतात. त्याला फॉर्मेलिन लागत नाही, कारण ५२ व्या जागी ग्लायसिनच्या ऐवजी ग्लुटामिक आम्ल आल्यानं त्याची धार जन्मापासूनच गेलेली आहे. एक मणी बदलला आणि मारेकऱ्याचा हमाल झाला.

कामाची गोष्ट. पेंटाचे डोस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना होतात, ते आया चुकवत नाहीत. डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) दीड वर्षाच्या आसपासचा बूस्टर बहुतेकांचा होतो, पाच-सहा वर्षांचा बऱ्याच जणांचा राहतो, आणि दहाव्या-सोळाव्या वर्षाची टीडी (धनुर्वात, घटसर्प) तर शाळेत सिस्टर आल्या की पोरं दांडी मारतात म्हणूनच राहते. टॉक्सॉइडची आठवण कालांतरानं पुसट होते. तुमच्या वर्गातली मुलं नेमकी या दोन डोसांच्या मधली आहेत. एकदा सगळ्यांची कार्डं मागवून बघाच. आणि लस फ्रिजच्या बर्फाच्या खणाशी टेकवून ठेवू नये, हे कुणी विचारलं तर सांगा. टॉक्सॉइड तुरटीच्या जातीच्या क्षारावर बसवलेलं असतं. गोठलं की त्याच्या गुठळ्या होतात, वितळल्यावर दिसायला पांढरंच दिसतं पण कामाला येत नाही. एका खासगी दवाखान्यात घरगुती फ्रिजमध्ये गोठलेल्या बाटल्या मी हलवून शेजारी ठेवून पाहिल्या, साका झरझर खाली बसला. त्या आठवड्यात टोचलेल्या पोरांना परत बोलवावं लागलं आणि ती यादी करताना डॉक्टरसाहेबांचं तोंड बघवत नव्हतं.

तुम्ही शेवटी विचारलंय, वर्गात एखादा प्रयोग दाखवता येईल का. फॉर्मेलिन वर्गात आणू नका. शाळेत संगीताचे सर असतील तर त्यांचा तंबोरा मागा. आधी वाजवून ऐकवा, मग एका तारेखालचा दोरा काढा आणि परत तीच तार छेडा. मुलांना डोळे मिटून ऐकायला लावा. सरांना मात्र आधी विचारा आणि दोरा परत त्याच जागी बसवायला तेही तिथं असू देत. मी एकदा माझ्या मेव्हण्याच्या तंबोऱ्यावर हा उद्योग केला होता, जवारी परत लागायला पाऊण तास गेला आणि चहाही मिळाला नाही.